‘मिक्स कुत्र्याला काहीच लागत नाही’: त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. विदेशी जातीचं कुत्रं पाळू नका, गावठी नाहीतर मिक्स पाळा, त्याला काहीच लागत नाही. लस नको, गोळ्या नकोत, वेगळं खाणं नको. खाली आठ मुद्दे आणि शेवटी ‘डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत’. माझ्या मावसबहिणीकडे अडीच महिन्यांचं मिक्स पिल्लू आहे. हा मेसेज वाचून तिने त्याची दुसरी लस पुढे ढकलली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

गावठी किंवा मिक्स पाळा, हे पहिलं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. पुढचं जवळजवळ काहीच नाही.

‘गावठी पिल्लाला आईच्या दुधातूनच ताकद मिळते. गल्लीतल्या कुत्र्यांना कोण लस देतं? ती जगतातच ना!’

जगत नाहीत. बहुतेक पिल्लं मरतात, आणि मेलेली पिल्लं आपल्याला दिसत नाहीत. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या ९५ वेतांमधली ३६४ पिल्लं नोंदवून त्यांचं पुढे काय होतं ते पाहिलं. २०१६ साली ते निष्कर्ष छापून आले. वयात येईपर्यंत जगली फक्त १९ टक्के. सगळी आजाराने गेली असं नाही. ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणसाचा हात होता. पण मेसेजचा सगळा डोलारा ज्या ‘काटक’ कुत्र्यांवर उभा आहे, ती पाचातली उरलेली एक आहेत. तुमच्या घरात आलेलं पिल्लू त्या एकातलं की चारातलं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

आता आईचं दूध. पहिल्या चिकातून संरक्षण मिळतं हे खरं, पण पिल्लाचं आतडं ते जन्मानंतर साधारण २४ तासच शोषून घेऊ शकतं. शिवाय ते उसनं असतं. ६ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान ते ओसरतं, आणि एकाच वेतातल्या दोन पिल्लांतही वेगवेगळ्या वेळी ओसरतं. गोची अशी की हे उसनं संरक्षण थोडंफार शिल्लक असेपर्यंत ते लसीला काम करू देत नाही, आणि त्याच वेळी खऱ्या पार्व्होला (रक्ताचे जुलाब करून पिल्लं मारणारा विषाणू) अडवायला मात्र ते अपुरं पडतं. म्हणून एक इंजेक्शन देऊन भागत नाही. ६ ते ८ आठवड्यांना पहिलं, मग दर ३-४ आठवड्यांनी पुढचं, आणि शेवटचं १६ आठवडे झाल्यावर. ‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ म्हणतात त्या याच लसी. रेबीजची वेगळी, ३ महिने पूर्ण झाल्यावर, आणि पुढे दरवर्षी. इंजेक्शन झालं की बाटलीवरचं स्टिकर लसीच्या पुस्तकात चिकटवून घ्या. लस २ ते ८ अंशांत ठेवलेली असावी लागते, त्यामुळे दुकानातून आणून खिशात घालून नेलेली बाटली चालत नाही. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर हुंगत फिरवू नका.

पार्व्हो म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलेलं नाही, तेच असे मेसेज लिहू शकतात. सकाळी पिल्लू खाणं सोडतं, कोपरा धरतं. संध्याकाळपर्यंत ओकाऱ्या, मग पाण्यासारखे, रक्ताचे, घाण वास मारणारे जुलाब. जीव जातो तो मुख्यतः अंगातलं पाणी संपून आणि आतड्यातले जंतू रक्तात उतरून. मानेची कातडी चिमटीत उचलून सोडली आणि ती पटकन खाली बसली नाही, तर पाणी धोकादायक कमी झालंय. तेव्हा दहीभात, ओआरएस, ‘उद्या बघू’ यातलं काहीही करत बसायचं नाही. सलाईन लागतं, आणि ते त्याच दिवशी.

आणखी एक. हा विषाणू घरात, अंगणात महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. आधी जागा साबणाने धुवा, मग एक भाग द्रव ब्लीच आणि तीस भाग पाणी टाकून दहा मिनिटं तसंच ओलं ठेवा. ब्लीचमध्ये फिनेल किंवा ॲसिड मिसळू नका. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलंय, तिथे लस अपुरी असलेलं दुसरं पिल्लू लगेच आणणं म्हणजे त्यालाही त्याच तोंडी देणं.

‘घरच्या कुत्र्याने दात लावला तर हळद-चुना पुरे. रेबीज पिसाळलेल्या कुत्र्यालाच असतो.’

सगळ्या मेसेजमध्ये जीवघेणं वाक्य हे आहे. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या रेबीज मृत्यूंपैकी ३६ टक्के एकट्या भारतात होतात.

विषाणू कुत्र्याच्या लाळेत लक्षणांच्या काही दिवस आधीपासूनच येतो. म्हणजे चावला त्या दिवशी कुत्रा अगदी धडधाकट दिसू शकतो. चावल्यावर कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायला सांगतात ते यासाठीच. रस्त्यावरून उचललेलं पिल्लूही आधीच संसर्ग घेऊन आलेलं असू शकतं. ‘दुधाचे दात आहेत, खेळताना लागलं’ म्हणून सोडून देऊ नका.

जखमेत हळद, चुना, मिरची, तेल, कॉफी काही भरायचं नाही. त्याने जखम चिघळते आणि धुवायची वेळ वाया जाते. वाहत्या नळाखाली, साबण लावून, घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा. विषाणूचं वेष्टण साबणाने फुटतं, म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं. मग पोव्हिडोन आयोडीन. पट्टी घट्ट बांधू नका, टाके घालायची घाई करू देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सहसा कातडीत देतात, ० (म्हणजे पहिला दिवस), ३, ७ आणि २८व्या दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४, २८. रक्त आलं असेल किंवा आधीच्या जखमेवर कुत्र्याने चाटलं असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ते मिळालं का, हे स्वतः तोंडाने विचारा, कारण लसीचा परिणाम सुरू व्हायला दिवस लागतात आणि मधलं अंतर तेच भरून काढतं. पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना प्रकार केव्हाच बंद झालाय, त्या भीतीने थांबू नका.

‘मिक्स रक्त, म्हणून आजारच नाही.’

यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २७ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींतून २४ आनुवंशिक विकार तपासले. १० विकार शुद्ध जातींत जास्त आढळले. १३ मध्ये फरक नव्हता, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं हे एक तर मिश्र कुत्र्यांतच जास्त निघालं. म्हणजे काही बाबतींत मिक्स कुत्रं उजवं, एवढंच. संसर्ग, जंत आणि गोचीड कुणाचं रक्त विचारून येत नाहीत.

‘गोचीड झाली की रॉकेल लावा.’

रॉकेलने कातडी भाजते. कुत्रा ते चाटतो, ओकतो, आणि ओकताना फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. आणि गोचीड मुळात राहते कुठे? अंगावर ती काही दिवस रक्त पिते, मग गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात कात टाकते किंवा अंडी घालते. एका मादीची अंडी हजारांत असतात. त्यामुळे फक्त कुत्रा साफ करून उपयोग नाही. त्याची झोपायची जागा, फटी, खिडकीच्या चौकटी यांवरही उपचार हवा, तोही पुन्हा पुन्हा.

रोज बोटं फिरवून बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: बोटांच्या मध्ये, कानाच्या घडीत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी. सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी टेकून धरा आणि सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. प्रतिबंधाची गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध वजनानुसार घ्या. कुत्र्याची पर्मेथ्रिन या कीटकनाशकाची औषधं मांजराला विष आहेत, घरात दोन्ही असतील तर आधी हे बघा. गुरांचं आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडीचं औषध अंदाजाने टोचणारे गावोगाव भेटतात. मिक्स कुत्र्यात कोली या मेंढ्या राखणाऱ्या विदेशी जातीचं किंवा तसल्या जातीचं रक्त असेल, तर एका जनुकातल्या दोषामुळे ते औषध मेंदूत साठतं आणि कुत्रा झटके येऊन मरू शकतो. रक्तात काय आहे हे तुम्हाला बाहेरून कळत नाही, म्हणून तर जास्त जपायचं.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते वर गेलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी चहासारखी झाली, तर गोचीड ताप समजून रक्ततपासणी करा, प्लेटलेट्ससकट. अर्लिकिया (गोचिडीतून येणारा जंतू) निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सहसा २८ दिवस चालतं. पाचव्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला की लोक गोळ्या बंद करतात, आणि आजार पुन्हा उलटतो.

‘दूध-चपाती आणि उरलंसुरलं, सगळं पचतं.’

१५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० ते ९०० कॅलरी लागतात आणि प्रथिनं ४० ग्रॅमच्या आसपास. चार चपात्या आणि एक पेला दूध यात प्रथिनं जेमतेम २० ग्रॅम. पोट भरतं, अंग भरत नाही, वर अनेक मोठ्या कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात. घरचंच द्यायचं तर बिनमिठाचं शिजवलेलं चिकन किंवा अंडी, भात, लाल भोपळा, आणि कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची बारीक पूड, अर्ध्या किलो अन्नाला अर्धा चमचा. हे मोठ्या कुत्र्याचं. पिल्लाचं कॅल्शियम अंदाजाने ठरवू नका, त्याला तयार पपी फूड बरं.

उरलेल्या आमटीत कांदा-लसणाची फोडणी असते, आणि शिजवल्याने कांद्याचं विष जात नाही. ते तांबड्या पेशी फोडतं. शिजवलेल्या हाडांच्या सुया होतात. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडं निकामी करतात, मग ते प्रसादाच्या शिऱ्यातले असोत की बेसनाच्या लाडवावरचे. यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंच-गुळाची आमटीही नको.

‘गवत खातो म्हणजे पोट आपोआप साफ, जंताचं औषध नको.’

गवत खाणं ही निरोगी कुत्र्याचीही सवय आहे, त्याने जंत पडत नाहीत. गोलकृमी तर आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध तिसऱ्या महिन्यापर्यंत, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. वजन करून.

‘ताटाशी गुरगुरला तर ताट ओढून घ्या, एक ठेवून द्या. मालक कोण ते कळतं.’

त्याला कळतं ते एवढंच, की माणूस आला की खाणं जातं. गुरगुरणं ही सूचना आहे. मारून ती बंद केलीत, तर पुढच्या वेळी सूचना न देता दात लागतो. बहुतेकदा त्या घरातल्या लहान मुलाला. गुरगुरण्याच्याही आधी अंग बोलतं: खाण्याचा वेग अचानक वाढतो, मग थांबतो, डोकं ताटावर खाली जातं, मान ताठ, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसतं. तो ताठरत नाही इतक्या अंतरावरून, सहा-सात फुटांवरून म्हणा, चिकनचा एक तुकडा ताटाकडे टाका आणि निघून जा. रोज हेच. तुम्हाला बघून त्याची शेपटी सैल हलायला लागली की अर्धा फूट पुढे. ताठरला की पुन्हा मागे. तोंडातली वस्तू हवी असेल तर बदल्यात चांगली वस्तू द्या. ताट कोपऱ्यात ठेवा, येण्याजाण्याच्या वाटेत नको, आणि तो जेवत असताना मुलं दूर.

कुंडी उकरणं, भाकरी गादीखाली लपवणं, सायरनबरोबर सूर लावणं या ‘मिक्स रक्ताच्या खोडी’ नव्हेत. एप्रिल-मे मध्ये कुंडीतली माती गार असते म्हणून तो उकरतो. ओलं पोतं टाकून द्या, कुंड्या वाचतील. रात्रीचं रडणं अपशकुन वगैरे काही नसतं. दूरच्या कुत्र्याला दिलेलं उत्तर असतं.

‘मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्या, तब्येत सुधारते.’

सुधारत नाही. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो, बहुधा माज संपल्यानंतरच्या महिना-दोन महिन्यांत. ती सारखी पाणी पिते, खाणं सोडते, कधी मागून स्राव दिसतो, कधी दिसतही नाही. तेव्हा तातडीची शस्त्रक्रिया, तीही आधीच खंगलेल्या जनावरावर. बाहेरच्या नराशी संबंध आला तर संबंधातून पसरणारी गाठ होऊ शकते, तिला केमोथेरपीची इंजेक्शनं लागतात. आणि जी पाच-सहा पिल्लं होतील, त्यांची वर सांगितलेली सोळा आठवड्यांची सगळी इंजेक्शनं, जंताची औषधं आणि खाणं कोण करणार, याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही.