चिनी विज्ञानकथेत खलनायक शोधू नका

चिनी विज्ञानकथेचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकांच्या मते हे सगळे लेखक सरकारचे भाट. दुसऱ्यांना ओळीओळीत बंडाचा छुपा निरोप दिसतो. मला दोन्हींचा कंटाळा आलाय.

हाओ चिंगफांग यांची ‘फोल्डिंग बीजिंग’ घ्या. (२०१६चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथेचा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार, मिळालेली कथा. इंग्रजी अनुवाद नेटवर फुकट आहे, वाचाच.) त्यातलं बीजिंग घडी घालून उलटतं. एका बाजूला राहतात पन्नास लाख लोक, त्यांना पूर्ण २४ तास. पुढचे २४ तास दुसऱ्या बाजूचे, पण तिथे अडीच कोटींना दिवसाचे १६ आणि पाच कोटी कष्टकऱ्यांना रात्रीचे ८. बाकी वेळ झोपून काढायचा. नायक लाओ दाओ कचरा निवडतो. मुलीला बालवाडीत घालायला पैसे हवेत, म्हणून बेकायदा निरोप पोचवायला तो वरच्या जगात शिरतो.

तिथे एक उद्योजक कचऱ्याचं काम यंत्रांकडे द्यायचा प्रस्ताव आणतो. वरिष्ठ अधिकारी नकार देतो: मग या कोट्यवधी माणसांचं करायचं काय? म्हणजे लाओ दाओची रोजीरोटी कुणीतरी विचार करून शाबूत ठेवलीय, आणि त्याची रात्रही. कुणी क्रूर नाही, कुणी ओरडत नाही. लेखिका अर्थशास्त्रात डॉक्टरेट आहे, हे इथे जाणवतं. हुकूमशहा रंगवणं त्यापेक्षा सोपं असतं हो!

नोव्हेंबर २०१७मध्ये बीजिंगच्या दाशिंग भागात आग लागून १९ माणसं गेली. मग सुरक्षेच्या नावाखाली ऐन थंडीत बाहेरगावच्या मजुरांना घरांतून हुसकावलं गेलं. तेव्हा अनेकांना हीच कथा आठवली.

लिउ त्सिशिन यांच्या ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ या कादंबरीचं थोडं वेगळं. माओच्या सांस्कृतिक क्रांतीतला हिंसाचार २००८च्या चिनी पुस्तकात मध्ये कुठेतरी येतो; २०१४च्या इंग्रजी अनुवादात तोच सुरुवातीला आहे, लेखकाच्या संमतीने. म्हणजे तो छापता येत होता, फक्त पहिल्या पानावर नको होता. सेन्सॉरशी असं जमवून घेणं याला काही जण भित्रेपणा म्हणतील. मी नाही म्हणणार.

आणि भित्रेपणाच बघायचा तर २०२३चं चीनमधलं छंगदू शहर बघा. ह्यूगो पुरस्कार पहिल्यांदाच चीनमध्ये, तिथे दिले गेले आणि काही नावं कारण न देता अपात्र ठरली. पुढच्या वर्षी फुटलेल्या ईमेलमधून कळलं, की चीनला काय खटकेल याचा अंदाज बांधत उमेदवारांची माहिती गोळा करणारे पुरस्काराचं काम बघणारे पाश्चात्त्य स्वयंसेवकच होते. एका अमेरिकन लेखकाच्या नावापुढे तिबेटवारीची नोंद होती. तो गेला होता नेपाळला.