आडवी पट्टी बंद करू नका

आमच्या छोट्याशा विमानतळावरची आडवी धावपट्टी कायमची बंद करायचा प्रस्ताव निघालाय. मंगळवारी नोटीस फळ्यावर लागली. हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस दिलेत, त्यातले सहा गेलेसुद्धा. इथे पोरांना विमान शिकवण्यात माझी अकरा वर्षं गेली, म्हणून हे सविस्तर लिहितेय. पोस्ट लांब होईल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

ज्यांनी विमानतळ आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. आमच्याकडे दोन पट्ट्या आहेत. मोठी 14-32, म्हणजे आग्नेय-वायव्य. तिला छेदून जाणारी लहान 05-23, ईशान्य-नैर्ऋत्य, जेमतेम 900 मीटरची. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरचे अंश, शेवटचं शून्य गाळलेले. 23 म्हणजे 230 अंश, नैर्ऋत्य. आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा कोणत्या अंगाने येतो, हे शेतकऱ्यांच्या गावात मी वेगळं सांगायची गरज नाही.

नोटिशीतलं मुख्य कारण आहे ‘अत्यल्प वापर’. वर्षभरातली फार थोडी विमानं त्या पट्टीवर उतरतात, डागडुजीचा खर्च परवडत नाही, आणि ती बंद केली तर तिच्या टोकाला विमानं उभी करायला नवीन जागा होईल. वापर कमी आहे हे खरं आहे. मी स्वतः महिनोन् महिने तिकडे विमान नेत नाही. पण वावरातली विहीर आपण रोजच्या उपशावर मोजतो का? पावसाने दडी मारली त्या पंधरा दिवसांत ती काय कामाला आली, ते पाहतो.

परवा फाट्यावरच्या टपरीवर चहा घेताना गावातल्या एका काकांनी विचारलं, “म्याडम, एका विमानाले दोन दोन रस्ते कायले पाह्यजे?” मी हेडविंड-क्रॉसविंड, म्हणजे समोरचा आणि कडेचा वारा, समजावून सांगणार, तेवढ्यात शेजारी बसलेले बाबा म्हणाले, “भाऊ, उपणणी करतानी तिवा कसा मांडतो तू? वारा पाहूनच ना? वारा फिरला का तिवा फिरवतो. आता धावपट्टी का तिवा हाये, उचलून फिरवाले? म्हून दोन पाह्यजे.” तिवा म्हणजे उपणताना उभं राहायची तीन पायांची घडवंची. काकांना लगेच पटलं. यापुढे नवीन विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला मी हीच तिव्याची गोष्ट सांगणार आहे.

विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. वारा समोरून असला की जमिनीवरचा वेग कमी होतो, थांबायला जागा कमी लागते. तोच वारा कडेने आला की विमान पट्टीवरून बाजूला सरकायला लागतं, आणि पंख खाली-वर करत, रडर (शेपटीचं सुकाणू) दाबत त्याला मध्यरेषेवर धरून ठेवावं लागतं. आम्ही वापरतो त्या सेस्ना 172 च्या पुस्तकात कडेच्या वाऱ्यात उतरून दाखवल्याचा आकडा 15 नॉट आहे, म्हणजे ताशी साधारण 28 किलोमीटर. तोही कंपनीच्या कसलेल्या वैमानिकांनी दाखवलेला. उड्डाणाचे चाळीस तास झालेल्या पोराला मी 8 नॉटच्या वर एकट्याने सोडत नाही.

आणि तरीही एकदा ते घडलंच. पोळ्याला पाच-सहा दिवस होते. पुसदकडचा एक विद्यार्थी सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, गेला होता. निघाला तेव्हा वारा नावालाच होता. तो सर्किटच्या, म्हणजे विमानतळाभोवतीच्या, तिसऱ्या फेरीत असताना नैर्ऋत्येकडून ढग चढले आणि पाच मिनिटांत वारा दाखवणारा विंडसॉक पार ताठ झाला. भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं ते कापड लोखंडी नळीसारखं ईशान्येकडे रोखलेलं होतं. रेडिओवर आकडा आला: 230 अंश, 18 नॉट, झोत 25. मोठी पट्टी 14-32, म्हणजे सगळाच्या सगळा वारा आडवा. दुसऱ्या विमानतळाकडे पाठवावं तर वाटेत पावसाची भिंत उभी. मी माइक घेतला आणि म्हटलं, “23 वर ये. घाई करू नकोस, वारा तुझ्या समोर आहे.”

तो फायनलला, म्हणजे उतरायला पट्टीच्या सरळ रेषेत, आला तेव्हा विमान आकाशात टांगल्यासारखं वाटत होतं. 65 नॉटने येणारं विमान, समोर 18 नॉटचा वारा, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने फक्त 47. झोत आला की नाक वर जायचं, तो थोडंसं खाली दाबायचा. डावं चाक आधी टेकलं, मग उजवं. अर्धी पट्टीसुद्धा लागली नाही. टॅक्सी करत आला, इंजिन बंद केलं आणि पाच मिनिटं खाली उतरलाच नाही. मीही दार उघडायला गेले नाही. पाऊस सुरू झाला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून विमानाला दोर बांधले.

वर्षभराच्या तक्त्यात ते लँडिंग ‘एक’ म्हणून मोजलं गेलंय. हाच माझा त्या तक्त्यावरचा आक्षेप आहे.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे तेही मान्य करते. आपल्या हरकतींमध्ये खोटे दावे गेले तर खऱ्या मुद्द्यांनाही किंमत उरणार नाही. आडवी पट्टी बंद झाली तर एअर अ‍ॅम्ब्युलन्स बंद होईल असा एक मेसेज ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. ती विमानं मोठ्या पट्टीवरच उतरतात आणि उतरत राहतील. दुसरं, रोही, म्हणजे नीलगायी. दोन पट्ट्या म्हणजे दुप्पट लांबीचं कुंपण, आणि रोह्यांचा कळप आडव्या पट्टीच्या बाजूनेच आत घुसतो हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. सोयाबीन निघाली की काही जण कुंपणाच्या फटीतून येऊन पट्टीवर शेंगा वाळत घालतात. माझ्याच गावचे आहेत, पण हे थांबलंच पाहिजे.

तिसरं, उन्हाळा. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर. मे महिन्यात दुपारी पारा 45 वर गेला की हवा इतकी विरळ होते, की इंजिनाला आणि पंखांना ती जवळजवळ पाच हजार फुटांवरची वाटते. विमान पळत राहतं, उचलत नाही. अशा दुपारी चार जण बसलेलं विमान घेऊन मी स्वतः त्या 900 मीटरच्या पट्टीवरून उडणार नाही. म्हणून आम्हीच सांगतोय की तिच्यावर बंधनं घाला. फक्त हलकी विमानं, फक्त दिवसा, उन्हाळ्यात दुपारी टेक-ऑफ नाही. नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढून हे उद्यापासूनसुद्धा लागू करता येईल.

डागडुजीच्या खर्चाबद्दल मात्र मला नीट बोलायचंय, कारण खरी गोम तिथे आहे. आपली जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. वावरात जे होतं तेच डांबराखाली होतं. कडेचा मुरूम खचला, पाणी आत शिरलं, की माती फुगून डांबर उचलते. आडव्या पट्टीवरच्या भेगा दोन्ही कडांना जास्त आहेत, मधला भाग अजून टणक आहे. सेस्नाला 50 फुटांवरून उतरून थांबायला वारा नसताना आणि हवा थंड असताना साधारण 400 मीटर लागतात. उष्णतेसाठी, ओल्या पट्टीसाठी आणि शिकाऊ हातासाठी भरपूर जास्तीची जागा धरली तरी मधली 700 मीटर नीट राखली तर आमचं भागतं. पावसाआधी भेगा डांबराने भरायच्या, कडेची गटारं उपसायची, गवत कापायचं. संपूर्ण पट्टी नव्याने करायचा अंदाज लावून मग ‘परवडत नाही’ म्हणणं बरोबर नाही. आणि सोडून दिलीत तर दोन पावसाळे पुरेत. गाजरगवत आणि बाभळी सुरुवात करतील, बाकीचं काम काळी माती करेल.

बंद करायला एक सही लागते, परत सुरू करायला आयुष्य जातं. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी वाढवायची म्हटलं की शेजारच्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा विषय येतो, आणि तो किती वर्षं चघळला गेलाय हे आपण वाचत आलोय. यवतमाळचा विमानतळ 2009 मध्ये राज्यातल्या इतर चार विमानतळांसोबत भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे दिला होता, यवतमाळकर अजून प्रवासी विमानाची वाट बघतायत. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची पट्टी 1850 मीटर झाली आणि 16 एप्रिल 2025 ला अमरावतीहून मुंबईचं विमान सुटलं, पण त्यासाठी एक अख्खी पिढी थांबली. तिथे जमिनीसाठी झगडावं लागलं. आपल्याकडे जमीन आहे, पट्टी आहे, आणि आपण ती टाकायला निघालोय.

मोठी पट्टी अडकली तर काय, याचंही उत्तर नोटिशीत नाही. मागच्या वर्षी एका प्रशिक्षण विमानाचं टायर मोठ्या पट्टीच्या टोकाजवळ फुटलं. दोन तास ते हललं नाही. हवेत तीन विमानं होती, तिन्ही आडव्या पट्टीवर उतरली. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर री-कार्पेटिंगसाठी (डांबराचा नवा थर द्यायला) दिवसाचे काही तास धावपट्टी बंद ठेवावी लागली तेव्हा नागपूरकरांना काय त्रास झाला ते आठवा. आपली मोठी पट्टी कधी ना कधी उखडून करावी लागेलच. तेव्हा पोरांनी काय करायचं? कमर्शियल लायसन्सला उड्डाणाचे 200 तास लागतात, आणि कर्ज काढून शिकवणाऱ्या आईबापांचं व्याज विमान उडो न उडो, चालूच असतं.

आम्ही पाच इन्स्ट्रक्टर आणि जुने तीन वैमानिक मिळून लेखी हरकत देतोय. तुम्हीही द्या, पण कॉपी-पेस्ट नको. ज्यांनी 05 किंवा 23 वर कधी लँडिंग केलंय त्यांनी आपापलं लॉगबुक काढून तारीख, वाऱ्याचा आकडा आणि ती पट्टी का घेतली तेवढं लिहा. मोठ्या पट्टीवरून कडेच्या वाऱ्यामुळे गो-अराउंड करावा, म्हणजे न उतरता परत वर उठावं, लागलं असेल तर तेही लिहा, लाजू नका. बाहेरून क्रॉस-कंट्रीला, म्हणजे लांबच्या सरावफेरीला, येणाऱ्यांनीही लिहावं. लायसन्ससाठी 300 नॉटिकल मैलांच्या फेरीत दुसऱ्या दोन विमानतळांवर उतरून थांबावं लागतं, त्यासाठी तुमच्यातले कितीतरी जण आमच्याकडेच येता.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही आडव्या पट्टीवरच्या भेगा मोजणार आहोत, परवानगी मिळाली आहे. दर दहा मीटरला खूण करून लांबी, रुंदी आणि फोटो, सगळं हरकतीला जोडायचं. टेप आणि वही माझ्याकडे आहे. चुन्याची एक पिशवी कमी पडतेय, कोणी आणू शकत असेल तर कमेंटमध्ये सांगा. पायात बूट घाला, गवत गुडघाभर वाढलंय.