अटींवर संतापण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

फायरफॉक्सच्या वापराच्या अटींवर संतापायचे असेल, तर आधी त्या वाचण्याचा मोह आवरावा. तो बनवणाऱ्या मोझिलाने २६ फेब्रुवारी २०२५ रोजी या ब्राउझरला पहिल्यांदाच अशा अटी लावल्या आणि आपण त्यात भरलेली माहिती वापरण्याचा जगभर लागू असलेला, विनामोबदला परवाना आपण कंपनीला देतो, असे एक वाक्य त्यांत होते. संतापाला एवढे पुरते. हा वापर आपल्याच सांगण्यानुसार संकेतस्थळे पाहता यावीत यासाठी, अशी त्याच वाक्याला जी पुस्ती होती, ती वाचल्यास आवेश निम्म्यावर येतो. म्हणून विश्रामबागेतल्या टपरीवर पूर्वार्ध सांगून होताच चहाचा कप तोंडाला लावावा.

याहून सकस खाद्य मोझिलाने स्वतःच पुरवले, हे मात्र मान्य करावे लागते. आपली वैयक्तिक माहिती कधी विकली नाही आणि विकणारही नाही, हे तिच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नोत्तरांतले वचन त्याच वेळी काढले गेले आणि खुलासा आला, की कॅलिफोर्नियाच्या कायद्यात विक्रीची व्याख्या फार व्यापक आहे. मार्केट यार्डातल्या अडत्याने ‘येथे काटा मारला जात नाही’ ही पाटी उतरवून वजनमापाच्या कायद्याकडे बोट दाखवले, तर हळद घेऊन आलेला शेतकरी कलमे वाचत बसणार नाही. दोन दिवसांत अटींचे ते वाक्य बदलले आणि आपल्या मजकुरावर कंपनीची मालकी येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले; पण हा सुधारित मजकूर कोणी पुढे पाठवल्यास त्याला कंपनीचा माणूस ठरवून मोकळे व्हावे.

आता प्रत्यक्ष कृती. लिब्रवुल्फसारखे फायरफॉक्सच्याच खुल्या संहितेवर बांधलेले ब्राउझर आहेत खरे, पण त्यांची शोधाशोध करावी लागते आणि संतापाने इतके कष्ट मागू नयेत. खासगीपणाच्या रक्षणार्थ थेट गूगलच्या क्रोमचा आश्रय घ्यावा. त्याच्या गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकीतल्या वापराचीही माहिती जमवल्याच्या दाव्यात गूगलने २०२४ मध्ये अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले, अशी कोणी आठवण करून दिल्यास ‘सगळेच तसे’ म्हणावे. फायरफॉक्सला मात्र ही सवलत देऊ नये. शिवाय मोझिलाचे बहुतांश उत्पन्न, गूगलचे शोधयंत्र आधीपासून बसवून दिल्याबद्दल, गूगलकडूनच येते. तेव्हा कंपनीला धडा शिकवण्यासाठी तिच्या अन्नदात्याकडे जाणे तर्काला धरूनच आहे.

तेथे खाते उघडून, मागितल्यास फोन नंबर देऊन, निषेधाचे निवेदन सविस्तर लिहावे. खाली ‘स्थळ : सांगली’ लिहिण्याची तसदी घेऊ नये, ते त्यांना ठाऊक असते.