अरे पण तो मरत नाही हे माहितीये ना आपल्याला!

प्रीक्वेल, म्हणजे मूळ गोष्टीच्या आधीची गोष्ट, बघायला बसलं की दरवेळी हीच चिडचिड. आता सिरीयल किलर डेक्स्टरच्या तरुणपणाची सिरीज, डेक्स्टर ओरिजिनल सिनच घ्या, १९९१ चं मायामी, विशीतला डेक्स्टर पोलिसांच्या लॅबमधे नवा नवा चिकटलाय, सगळं मस्त, पण त्याच्या बहिणीवर, डेबवर काहीही संकट आलं आणि बॅकग्राउंडला धडधड म्युझिक सुरू झालं की मी आपली शांतपणे पोहे खातेय, कारण बाई २००६ च्या मूळ सिरीजमधे ठणठणीत आहे! त्याच्यासोबतची पोलिसातली मंडळी, बतिस्ता पण आहे, मसुका पण आहे, लागुएर्ता पण आहे. मग टेन्शन कसलं घेऊ?

बरं डेक्स्टरने केलेला पहिला खून, त्या नर्सचा, तो मूळ सिरीजमधे फ्लॅशबॅकमधे दाखवून झालाय, तेवढ्यात अंगावर काटा आला होता. तेच आता ताणून ताणून. अरे थोडं राहू द्या की अंधारात, प्रत्येक गोष्टीचं मूळ खणून काढायलाच पाहिजे का?

आणि एवढं सगळं बोलून मी दहाच्या दहा एपिसोड बघितले. का, तर वरून मूळ डेक्स्टरचा, मायकल सी. हॉलचा आवाज. (ख्रिश्चन स्लेटरने केलेला हॅरी, डेक्स्टरचा दत्तक बाप, तोही आवडला, हे खोटं कशाला बोलू.) आई मधेच येऊन विचारते, "हा एवढा गोड पोरगा खुनी आहे?" तिला एकटीला सस्पेन्स!

आता कुठे जीव जडला, तर दुसरा सीझन आधी जाहीर केला आणि २०२५ च्या ऑगस्टमधे रद्द पण केला. करा काय करायचं ते.