युरिक अ‍ॅसिड उतरवलं की बीपीची गोळी सुटते? नाही हो!

ज्येष्ठांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय: साठीनंतर बीपी वाढतं ते युरिक अ‍ॅसिडमुळेच, डाळी आणि पालक बंद करा, रोज सकाळी लिंबूपाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून प्या, महिन्याभरात बीपीची गोळी सुटेल. आमच्या शेजारच्या काकूंनी तर वरण खायचं सोडलंय हे वाचून, म्हणून लिहितेय.

"युरिक अ‍ॅसिडमुळेच". संबंध आहे, पण तो तरुणांत जास्त ठळक दिसतो, वय वाढतं तसा सैल होत जातो. 2008 मध्ये अमेरिकेत 11 ते 17 वर्षांच्या 30 मुलांना अ‍ॅलोप्युरिनॉल हे युरिक अ‍ॅसिड उतरवणारं औषध दिलं तेव्हा बीपी उतरलं होतं खरं, पण ती मुलं होती, नुकतंच बीपी निघालेली. उतारवयात धमन्या कडक झालेल्या असतात, किडनी मंदावलेली असते, आणि युरिक अ‍ॅसिडचा साधारण दोन तृतीयांश भाग किडनीवाटेच बाहेर पडतो, त्यामुळे ती थकली की दोन्ही आकडे सोबतच चढू शकतात. ब्रिटनमध्ये हृदयविकार असलेल्या पण गाऊट (युरिक अ‍ॅसिडने सांधे सुजण्याचा आजार) नसलेल्या, साठीपुढच्या साडेपाच हजारांहून जास्त लोकांवर हेच औषध वापरून बघितलं, 2022 मध्ये निकाल आला: हार्ट अटॅक, स्ट्रोक कशातच फरक नाही.

आता मेसेजमध्ये अजिबात नसलेली गोष्ट. घरातल्या बीपीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून बघा, नावापुढे एच असेल तर बहुतेक वेळा मागे हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 असं छापलेलं असतं. ही लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी, आणि तिनेच युरिक अ‍ॅसिड वाढतं. क्लोरथॅलिडोन या तशाच गोळीचंही तेच. म्हणजे रिपोर्टवर ठळक अक्षरात 7.4 आलं तर कदाचित ते बीपीचं कारण नसून बीपीच्या औषधाचा परिणाम असेल! लोसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीने उलट युरिक अ‍ॅसिड थोडं उतरतं. पण हा बदल डॉक्टरांनीच करायचा, रिपोर्ट आणि स्ट्रिप दोन्ही घेऊन जा आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) किती आहे तेही विचारा.

डाळ-पालक? अमेरिकेत 47 हजार पुरुषांना 12 वर्षं बघितलं, मटण-मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला, प्युरिनवाल्या (ज्याचं शरीरात युरिक अ‍ॅसिड होतं ते प्युरिन) भाज्या-डाळींनी नाही, आणि दूध-दही खाणाऱ्यांना कमीच झाला. म्हातारपणी आधीच स्नायू झडतात, त्यात शाकाहारी माणसाचं वरण-उसळ काढून घेतलं तर प्रोटीन येणार कुठून?

सोड्याचं तर वाचूनच राग आला. चमचाभर सोड्यात हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं आणि अख्ख्या दिवसाची मर्यादा 2000 ची, बीपीच्या माणसाला हे रोज पाजायचं?

पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजत असेल, मुतखडे होत असतील तर युरिक अ‍ॅसिडवर उपचार घ्यायलाच हवेत. नुसता आकडा वाढलाय, त्रास काहीच नाही, अशा बहुतेकांना त्यासाठी औषध लागत नाही.

आणि कुणी मेसेज वाचून गोळी खरंच बंद केली असेल तर आजच बीपी मोजा आणि डॉक्टरांना फोन करा, कारण मेटोप्रोलॉल, क्लोनिडीनसारख्या गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी उसळून वर जाऊ शकतं.