वीस हजार वेळा वापरायची पिशवी

‘कापडी पिशवी २०,००० वेळा वापराल तरच ती प्लास्टिकपेक्षा बरी, हे डेन्मार्कच्या सरकारनेच सिद्ध केलंय. कापडी पिशव्यांचं ढोंग बंद करा!’ हा फॉरवर्ड काल मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला, आणि खाली लिहिलं, ‘म्हणजे इतकी वर्षं आपण उगाचच पिशव्या सांभाळल्या.’

उगाच नाही, मावशी.

पंचाईत अशी की आकडा खोटा नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये दुकानी पिशव्यांचा कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा हिशोब मांडला, त्यात २०,००० आहेत. पण ते फक्त सेंद्रिय कापसाच्या पिशवीचे, आणि सगळ्या निकषांत जिथे ती सर्वांत वाईट ठरली त्या एका निकषावरचे : ओझोनच्या थराची हानी. हवामानबदलापुरतं पाहिलं तर त्याच पिशवीचा आकडा १४९, आणि साध्या सुती पिशवीचा ५२. ही साधी पिशवी आठवड्यातून एकदा बाजारात नेली तर वर्षभरात हिशोब चुकता. लिहिणाऱ्याने तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा उचलला आणि शेजारचा रकाना झाकून ठेवला.

बरं, सेंद्रिय पिशवी एवढा मार का खाते? तुलनेसाठी माप ठरलं होतं २२ लिटर आणि १२ किलो. तपासलेली सेंद्रिय पिशवी जरा लहान निघाली, म्हणून एका प्लास्टिक पिशवीसमोर अशा दोन मोजल्या. सव्वा पिशवी कोणी नेत नाही हे खरं, पण त्यामुळे सगळे आकडे एका फटक्यात दुप्पट झाले.

आणि समोरची प्लास्टिक पिशवी कोणती? दुकानातली जाड पिशवी. एकदा सामान आणायचं, मग कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून लावायची, शेवटी वीज आणि उष्णता काढणाऱ्या भट्टीत जाळायची. उघड्यावर पडणाऱ्या पिशव्यांचा त्रास डेन्मार्कमध्ये नगण्य, म्हणून तो मोजलाच नाही. हे अहवालच सांगतो. जिथे कचऱ्याची गाडीच पोचत नाही, त्या वस्तीला हा हिशोब लावणं निव्वळ लबाडी आहे. पातळ पिशवी नाल्याच्या जाळीवर आडवी बसते, तिच्यावर पालापाचोळा अडकतो, तोंड बंद होतं आणि पाणी सखल भागातल्या घरांत शिरतं. पुराच्या वेळी तुंबलेली गटारं पाहिलेल्या बांगलादेशाने २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली, ती हौस म्हणून नाही.

‘कापूस पाणी पितो’ हा नेहमी ऐकू येणारा मुद्दा मात्र, नाइलाजाने, मान्य. किलोभर कापसाच्या कापडामागे जगाच्या सरासरीने साधारण १०,००० लिटर पाणी लागतं. म्हणून प्रत्येक समारंभात नवी कोरी छापील सुती पिशवी वाटणं हा मूर्खपणाच. कपाटात अशा पंधरा पिशव्या, आणि प्रत्येक चारदाच वापरलेली, तर तिथे प्लास्टिक जिंकतं. जुन्या चादरीची शिवली तर प्रश्नच मिटला, तो कापूस आधीच पिकून गेलाय.

आता असे बाकीचे नेहमीचे दावे. ‘बायोडिग्रेडेबल पिशवी घ्या, मातीत विरघळते’ : इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठाने २०१९ मध्ये दाखवलं की तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहिलेली अशी पिशवी अजून सामान उचलू शकत होती. पुढे.

‘प्लास्टिक पिशवी झाडं वाचवायला शोधली’ : बरोबर. पण तिचा शोध लावणाऱ्या स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांच्या मनात ती घडी करून खिशात ठेवायची, पुन्हापुन्हा वापरायची पिशवी होती.

‘कापडी पिशवी पन्नास वेळा टिकतच नाही’ : कापड टिकतं, तुटतो तो बंद. कारण तो काठाला एका आडव्या टिपेवर लटकवलेला असतो आणि सगळं वजन तेवढ्या दोऱ्यावर येतं. बंदाचं टोक काठाच्या आत चार-पाच सेंटिमीटर खाली घ्या, मागून कापडाचा एक तुकडा लावा, चौकोनी टीप मारा आणि चौकोनात फुली काढा. वजन चारही बाजूंना वाटलं जातं. बंद लांब ठेवून खांद्याला अडकवायची असेल तर तळालाही दुहेरी टीप हवी, नाहीतर पुढची तक्रार तिथून येईल.