हिलरींचं तिकीट कुणी कापलं नव्हतं

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीची चुरस रंगली की एक दावा हमखास वर येतो. तो असा: ‘२००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) हिलरी क्लिंटन यांना बराक ओबामांपेक्षा जास्त मतं पडली. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सास, ओहायो, पेनसिल्व्हेनिया ही मोठी राज्यं त्यांनीच मारली. फ्लोरिडा आणि मिशिगनची मतं पक्षाने गिळली. शेवटी सुपरडेलिगेट नावाच्या बड्या धेंडांनी त्यांचं तिकीट कापून ओबामांना दिलं.’

चार वाक्यं, आणि प्रत्येकात थोडंथोडं खरं आहे. म्हणून तर तो इतकी वर्षं टिकलाय.

‘जास्त मतं पडली’

प्रायमरीतल्या एकूण मतांचा अधिकृत आकडा नावाची गोष्टच नाही. पक्ष मोजतो ते प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे डेलिगेट. मतांची देशव्यापी बेरीज वर्तमानपत्रं आणि संकेतस्थळं आपापल्या हिशेबाने करतात, आणि त्या बेरजेत काय धरायचं यावर निकाल फिरतो.

आधी फ्लोरिडा आणि मिशिगन दोन्ही बाजूला ठेवू, त्यांचा वाद पुढे येतो. ओबामा ३,३६,३९४ मतांनी पुढे. आता फ्लोरिडा धरा: ओबामा १,७५,३५,४५८ आणि क्लिंटन १,७४,९३,८३६, म्हणजे ओबामांची आघाडी ४१,६२२ वर येते. मिशिगनही धरलं की क्लिंटन १,७८,२२,१४५ वर जातात आणि २,८६,६८७ मतांनी पुढे निघतात. दाव्यातली ‘जास्त मतं’ ती हीच.

पण या बेरजेत मिशिगनमध्ये ओबामांना किती मतं धरली आहेत? शून्य. कमी पडली म्हणून नव्हे, मतपत्रिकेवर त्यांचं नावच नव्हतं म्हणून. ऑक्टोबर २००७ मध्ये ओबामा आणि एडवर्ड्स, रिचर्डसन, बायडन या इतर इच्छुकांनी तिथून नावं मागे घेतली होती, क्लिंटन यांनी ठेवलं. ज्यांना त्या नको होत्या त्यांच्यापुढे मुख्य पर्याय उरला ‘कुणालाही बांधील नाही’ या रकान्याचा. तिथे २,३८,१६८ लोकांनी खूण केली, म्हणजे दहातल्या चौघांनी. क्लिंटन यांना मिळाली ३,२८,३०९. प्रतिस्पर्ध्याचं नाव नसताना ५५ टक्के! मतपत्रिकेवर हाताने ओबामांचं नाव लिहिणारेही होते, पण ती मतं मोजलीच गेली नाहीत. त्या राज्यात तशी मतं ग्राह्य धरायला उमेदवाराने आधी नोंद करावी लागते.

दुसरी गळती कॉकसची, म्हणजे मतदान केंद्राऐवजी पक्षाच्या सभेत जमून कौल देण्याच्या पद्धतीची. आयोवा, नेवाडा, मेन आणि वॉशिंग्टन या चार राज्यांनी सभेला आलेल्या माणसांची उमेदवारवार संख्या जाहीर केलीच नाही. स्थानिक प्रतिनिधींचं प्रमाण तेवढं दिलं. त्यामुळे वरच्या सगळ्या बेरजांत या चार राज्यांतला एकही माणूस नाही. हजेरीवरून अंदाज बांधून ती राज्यं आत घेतली की क्लिंटन यांची आघाडी १,७६,४६५ उरते. आणि मिशिगनचा तो बांधील नसलेला रकाना ओबामांच्या पारड्यात टाकला, तर ओबामा ६१,७०३ मतांनी पुढे.

म्हणजे साडेतीन कोटींवर मतांत पाच हिशेब आणि पाच निकाल. यातला एकच उचलून ‘जास्त मतं पडली’ म्हणायचं, तर कोणता उचलला तेही सांगायला हवं. शेवटचा हिशेबही निर्दोष नाही, कारण त्या रकान्यात एडवर्ड्स यांचेही मतदार होते. पण सहा लाखांच्या घरात मतदान झालेलं अख्खं राज्य एका उमेदवारासाठी शून्य धरण्यापेक्षा तो बरा.

‘मोठी राज्यं जिंकली’

जिंकली, खरंच. फक्त या पक्षाच्या प्रायमरीत ‘राज्य जिंकणं’ याला फार अर्थ नसतो. जास्त मतं मिळवणाऱ्याला राज्यातले सगळे प्रतिनिधी मिळत नाहीत. वाटप प्रमाणात होतं, तेही बहुतांशी मतदारसंघनिहाय. चुरशीची लढत समजून घ्यायची तर हे गणित एकदा हाताने करून पाहायला हवं.

मूळ कोट्यातले तीन चतुर्थांश प्रतिनिधी मतदारसंघांना वाटलेले असतात, बाकीचे राज्यभरच्या मतांवर ठरतात. १५ टक्क्यांखालच्या उमेदवाराला काही मिळत नाही. त्याची मतं वगळून उरलेल्यांचे टक्के नव्याने काढायचे. मग टक्के गुणिले जागा. पूर्णांक आधी द्यायचा आणि उरलेली जागा मोठ्या अपूर्णांकाला.

चार प्रतिनिधींचा मतदारसंघ घ्या. मतं ५८ विरुद्ध ४२. गुणाकार येतो २.३२ आणि १.६८. निकाल २–२. सोळा टक्क्यांनी जिंकून हाती बरोबरी! ३–१ करायचं तर ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. आता तीन प्रतिनिधींचा घ्या: ५१ विरुद्ध ४९, म्हणजे १.५३ आणि १.४७, आणि निकाल २–१. विषम संख्येच्या मतदारसंघात निसटता विजयही एक जागा देतो, सम संख्येच्या मतदारसंघात दणदणीत विजयही वाया जातो. प्रायमरीच्या रात्री टीव्हीवर रंगवलेला नकाशा बघण्यापेक्षा मतदारसंघांची यादी घेऊन सम-विषम खुणा करत बसणाऱ्याला खरी परिस्थिती लवकर कळते.

या गणिताने काय झालं ते पाहा. न्यू जर्सी क्लिंटन यांनी जवळजवळ दहा टक्क्यांनी घेतलं. प्रतिनिधी ५९–४८, निव्वळ कमाई ११. त्याच दिवशी, ५ फेब्रुवारीला, आयडाहोच्या कॉकसमध्ये ओबामांनी ८० टक्क्यांच्या आसपास मजल मारली. १८ पैकी १५ प्रतिनिधी त्यांचे, निव्वळ कमाई १२. न्यू जर्सीत अकरा लाखांवर मतदान, आयडाहोत जेमतेम एकवीस हजार. कॅलिफोर्नियाचे ३७० प्रतिनिधी २०४–१६६ असे वाटले गेले, क्लिंटन यांना ३८ ची आघाडी. इलिनॉयचे १५३ वाटले गेले १०४–४९. तिथे ओबामांना ५५. म्हणजे निम्म्याहून लहान राज्यातून दीडपट कमाई. ओहायो जवळजवळ नऊ टक्क्यांनी जिंकून क्लिंटन यांच्या हाती सातच प्रतिनिधी जास्त आले. पेनसिल्व्हेनियात बारा. कॅन्ससच्या कॉकसने ओबामांना चौदा दिले होते.

टेक्सासचं नाव तर या दाव्यात यायलाच नको. तिथे एकाच दिवशी दोन फेऱ्या होत्या: दिवसा मतदान, मतदान संपल्यावर रात्री कॉकस. मतदानात क्लिंटन सुमारे लाखभर मतांनी पुढे, प्रतिनिधी ६५–६१. कॉकसमध्ये ओबामा ३८–२९. एकूण ओबामा ९९, क्लिंटन ९४. शिवाय मतदानाचे १२६ प्रतिनिधी राज्य सिनेटच्या ३१ मतदारसंघांत सारखे वाटलेले नव्हते. आधीच्या निवडणुकांत जिथे डेमोक्रॅटिक मतदान जास्त, तिथे जागा जास्त. ऑस्टिनच्या मतदारसंघाला आठ, सीमेवरच्या लॅटिनो मतदारसंघांना तीन-चार. क्लिंटन यांचा जोर नेमका सीमेवर होता.

दाव्याच्या बाजूने बोलायचंच असेल तर मोठ्या राज्यांवर नाही, कॉकसवर बोलावं. संध्याकाळी ठरल्या वेळी हजर राहून तास-दीड तास थांबायचं, तेही उघडपणे बाजू सांगत. पाळीत काम करणारे, लहान मुलांच्या आया, म्हातारी माणसं यातून गळतात. वॉशिंग्टन राज्याने हे जणू प्रयोग करून दाखवलं. कॉकसमध्ये ओबामांना सुमारे ६८ टक्के, आणि दहा दिवसांनी झालेल्या, प्रतिनिधी न ठरवणाऱ्या मतदानात सुमारे ५१ विरुद्ध ४६. नेब्रास्कात मे महिन्यात असंच बिनवजनाचं मतदान झालं, तिथेही आधीची मोठी आघाडी वितळून दोन-तीन टक्क्यांवर आली. कॉकस रद्द करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं इथे पटतं.

पण नियम दोघांनाही वर्षभर आधी माहीत होता. क्लिंटन यांच्या प्रचाराची आखणी ५ फेब्रुवारीला लढत संपेल या हिशेबाने झाली होती. पुढच्या राज्यांत कार्यालयं नाहीत, माणसं नाहीत, पैसा आटलेला. ९ ते १९ फेब्रुवारीदरम्यानच्या अकराच्या अकरा लढती ओबामांनी घेतल्या. (त्यातली एक परदेशस्थ अमेरिकन नागरिकांची. तिथे प्रत्येक प्रतिनिधीला अर्धंच मत होतं, म्हणून ओबामा ४.५, क्लिंटन २.५ असा विचित्र निकाल दिसतो.) व्हर्जिनियात निव्वळ २५, वॉशिंग्टनमध्ये २६. या अकरा दिवसांत शंभराहून अधिक प्रतिनिधींची निव्वळ आघाडी झाली. शेवटी ती १२७ भरली. मार्च ते जूनपर्यंतची सगळी गाजलेली लढत आकड्यांत पाहिली तर जवळपास जैसे थे आहे.

‘फ्लोरिडा-मिशिगनची मतं गिळली’

पक्षाचा नियम असा होता की आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेवाडा आणि साउथ कॅरोलायना सोडून कुणीही ५ फेब्रुवारीच्या आत मतदान घ्यायचं नाही. मिशिगनने १५ जानेवारी ठरवली, फ्लोरिडाने २९. पक्षाच्या नियम समितीने २००७ मध्येच दोन्ही राज्यांचे सगळे प्रतिनिधी रद्द केले. त्या बाजूने मत देणाऱ्यांत क्लिंटन यांचे जुने सहकारी हॅरल्ड इक्स होते. म्हणजे शिक्षा ओबामांनी लादली, हे म्हणणं इथेच गळतं. फ्लोरिडाचं एक गाऱ्हाणं रास्त आहे: तारीख ठरवणारं विधिमंडळ रिपब्लिकनांच्या ताब्यात होतं.

३१ मे २००८ ला समिती पुन्हा बसली. या वेळी तिच्या तीस सदस्यांपैकी तेरा क्लिंटनसमर्थक होते, आठ ओबामांचे. ठरलं ते असं: दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी अधिवेशनात बसतील, पण प्रत्येकाला अर्धं मत. फ्लोरिडा क्लिंटन १०५, ओबामा ६७, एडवर्ड्स १३. हा ठराव २७–० ने मंजूर. मिशिगन ६९–५९, हा १९–८ ने. मिशिगनमध्ये मतांच्या प्रमाणात क्लिंटन यांचे ७३ येत होते. चार कमी झाले, आणि ‘चार प्रतिनिधी पळवले’ ही ओरड तिथली. ती चूक नाही. पण अर्ध्या मताने चार प्रतिनिधी म्हणजे दोन मतं, आणि लढत १२७ ची होती.

बरं, दाव्याला हवं ते सगळं देऊन टाकू. दोन्ही राज्यांना पूर्ण मत द्या, फ्लोरिडा १०५–६७, मिशिगन ७३–५५. दोन्हींत मिळून क्लिंटन यांची आघाडी २४ ऐवजी ५६ होते. ओबामांची एकूण आघाडी १२७ वरून ९५. आणखी उदार व्हा, मिशिगनमध्ये ओबामांना शून्य द्या आणि ५५ जण कुणाचेच नाहीत असं माना. क्लिंटन यांची या दोन राज्यांतली आघाडी १११ होते, आणि तरीही एकूणात ओबामा ४० ने पुढे राहतात. यापेक्षा त्यांना प्रतिकूल हिशेब मांडताच येत नाही.

‘सुपरडेलिगेटांनी तिकीट कापलं’

शेवटचा आणि सगळ्यांत जास्त आवडीने सांगितला जाणारा भाग. सुपरडेलिगेट म्हणजे खासदार, गव्हर्नर, पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे सदस्य, माजी अध्यक्ष. मतदानाच्या निकालाला बांधील नसलेले. १९८४ पासून ते अधिवेशनात बसतात, २००८ मध्ये त्यांची मतं सव्वाआठशेच्या आसपास होती.

मतदानातून आणि कॉकसमधून ओबामांना १,७६६.५ मिळाले, क्लिंटन यांना १,६३९.५. उमेदवारीसाठी हवे २,११८. दोघांपैकी कुणीही सुपरडेलिगेटांशिवाय तिथे पोचत नव्हतं, एवढं खरं. पण कमी किती पडत होते ते पाहा. ओबामांना ३५१.५, म्हणजे सुपरडेलिगेटांपैकी सुमारे ४३ टक्के. क्लिंटन यांना ४७८.५, म्हणजे ५८ टक्के. मतदारांनी पुढे ठेवलेल्याला बाजूला सारायला बड्यांचा कौल लागत होता, आणि तो मागत होत्या क्लिंटन. सुपरडेलिगेट ही जमातच त्या वर्षी नसती तर निवडून आलेल्या प्रतिनिधींत ओबामांकडे निम्म्याहून जास्त होतेच.

शिवाय सुरुवातीला ही मंडळी होती कुणाच्या बाजूला? क्लिंटन यांच्या. एकाही राज्यात मतदान होण्याआधी त्या या गटात मोठ्या फरकाने पुढे होत्या, ५ फेब्रुवारीलाही होत्या. नॉर्थ कॅरोलायना आणि इंडियानाच्या निकालानंतर, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ओबामांनी तिथेही त्यांना गाठलं. धेंडं वाऱ्याची दिशा पाहून फिरली, हा आरोप करता येतो. वारा त्यांनी निर्माण केला असं म्हणता येत नाही. ३ जूनला ओबामांनी २,११८ ओलांडले, ७ जूनला क्लिंटन यांनी माघार जाहीर केली. २७ ऑगस्टला डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यांची हजेरी न्यूयॉर्कवर आली तेव्हा मतमोजणी थांबवून एकमताने ओबामांना निवडावं, हा प्रस्ताव त्यांनीच मांडला.

या दाव्याला एक शेपूट जोडलेलं असतं: ‘म्हणूनच पक्षाने पुढे सुपरडेलिगेट बंद केले.’ बंद केलेले नाहीत, आणि बदल झाला तो २०१६ च्या सँडर्स-क्लिंटन लढतीनंतर, ऑगस्ट २०१८ मध्ये. निकाल आधीच स्पष्ट नसेल तर पहिल्या फेरीत त्यांना मत नाही, एवढाच तो बदल. २०२० चे आकडे असे होते: निवडून आलेले ३,९७९, पहिल्या फेरीत हवेत १,९९१. तेवढे कुणालाच मिळाले नसते तर दुसऱ्या फेरीला सुपरडेलिगेटांची ७७१ मतं आत आली असती.